सातव्या मजल्यावरचा खड्डा

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आपल्या टेबलावर एका जुन्या वस्तीचा नकाशा उतरवत होती. धाकटा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, रविवारी घरी ये. आणि येताना भुयाराची वही आण. आहे ना तुझ्याकडे?"

"कुठली वही?" ताई म्हणाली. कुठली ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"कुठली काय! चौकटींची. मामाचा कॉम्प्युटर चालू केलाय मी. तीन महिने खपलो. आणि ऐक, घाऱ्या येतोय. तुझा नकाशा चुकला होता म्हणतो. मी म्हटलं, ये रविवारी, समोरासमोर दाखवतो."

ताईनं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि नळाची एकच रेघ एकावर एक तीनदा ओढली.

ताईच्या बाबतीत असं होत नाही. अठ्ठावीस वर्षं ती जमिनीखालचे नळ आणि व्हॉल्व्ह कागदावर मांडत आली आहे. खोदकामावरचे मुकादम तिचा कागद हातात आला की डोळे झाकून कुदळ मारायला लावतात. इथं नळ नाही असं तिचा कागद म्हणत असेल तर तिथं नळ नसतो. नवा साहेब आला की जुने कारकून पहिल्याच दिवशी त्याच्या कानात सांगतात, की बाई जरा फटकळ आहेत, पण त्यांच्या मोजणीवर बोलू नका. त्या कचेरीत एक नियम आहे. एखाद्या कागदावर एक जरी व्हॉल्व्ह खोटा निघाला, तर अख्खा कागद बाद. मग माणूस पाठवायचा, त्या कागदावरचा प्रत्येक व्हॉल्व्ह जागेवर उघडून पाहायचा आणि शेजारी निळ्या पेनानं खूण करायची. ताईचा कागद आजवर एकदाही बाद झालेला नाही. याचा तिला गर्व आहे आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती पडत नाही.

एकच कागद तिनं खोटा काढला होता. तो कचेरीतला नव्हता, म्हणून खपून गेला.

त्याला तेहतीस वर्षं झाली. ताई तेव्हा चौदाची आणि धाकटा बाराचा. घर नवं, शाळा नवी. धाकट्याला आठवड्याभरात मित्र मिळाले. ताईला वर्षभर कोणी मिळालं नाही. डबा खायला ती जिन्याखाली बसायची आणि घरी आल्यावर आईला सांगायची, की मैत्रिणी बऱ्या आहेत. अशात मामाची बदली झाली आणि त्यानं आपला कॉम्प्युटर यांच्या घरी आणून टाकला. सोबत दोन डिस्का. एका डिस्केत मामाची पत्रं होती. दुसरीत भुयार होतं.

खेळाचं खरं नाव इंग्रजीत आणि लांबलचक होतं. दोघांनी त्याचं भुयार करून टाकलं. काळ्या पडद्यावर चार हिरव्या रेघा आल्या की ती भिंत समजायची, दोन आल्या की बोळ. सात मजले खाली उतरायचं, प्रत्येक मजला सोळा घरं लांब, सोळा घरं रुंद, आणि तळाशी कुठंतरी एक दार. चार गडी मिळत. धाकट्यानं त्यांची नावं ठेवली होती: ढोल्या लढायचा, फुंकर मंत्र मारायचा, लंब्या कुलपं उघडायचा आणि मलमवाली आजी सगळ्यांना बरं करायची. पडद्यावर ती म्हणजे नुसती चार अक्षरं. पण आजी मेली तेव्हा धाकटा जेवला नव्हता.

वाटेत खड्डे होते, आणि खड्डा दिसत नसे. पाय टाकला की डिस्क घरघरायची आणि चौघेही खल्लास. मग शेवटचं जिथं सेव्ह केलं असेल तिथून पुन्हा. याच्यावर दोघांनी एक पद्धत बसवली. ताईची शाळा तासभर आधी सुटायची. त्या तासात तिनं एकटीनं पुढं जायचं, घर न घर पाय टाकून पाहायचं, मरायचं, आणि जिथं मेली तिथं चौकटीच्या वहीत लाल फुली मारायची. मग धाकटा आला की तो कळफलकावर आणि ही शेजारी वही मांडीवर घेऊन. "तीन पुढे. डावीकडे. पाच पुढे. थांब, खड्डा." खेळणाऱ्यानं वही पाहायची नाही आणि वहीवाल्यानं कळ दाबायची नाही, हा कायदा. मरायचं खातं ताईकडे, जिंकायचं धाकट्याकडे. त्याला यात काही अन्याय वाटला नाही आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटला नाही. दिवसातले तेच दोन तास तिच्याशी कोणीतरी बोलत होतं.

एका दुपारी सातव्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला, बाराव्या ओळीतल्या पाचव्या घरात तिनं पाय टाकला आणि ती मेली नाही. पडद्यावर दार आलं. खाली ओळ आली: येथे प्रवास संपतो. आत जायचं?

आदल्याच दिवशी धाकटा म्हणाला होता, "हे एकदा संपू दे, मग मी रोज संध्याकाळी घाऱ्याबरोबर फुटबॉलला."

ताईनं नाही म्हणून कळ दाबली. एक घर मागं आली. मग लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि बाराव्या ओळीतल्या पाचव्या घरात फुली मारली. फुली बाकीच्या फुल्यांसारखीच नीटनेटकी होती.

घाऱ्या म्हणजे धाकट्याचा जिवलग. मांजरासारखे डोळे, म्हणून घाऱ्या. त्यानं भुयाराची नक्कल करून नेली होती आणि वडिलांच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर सुट्टीच्या दिवशी खेळायचा. त्याच्याकडे वही नव्हती. दिसेल तिकडे पाय टाकायचा, शंभरदा मरायचा, हसायचा. त्यामुळं जे व्हायचं ते झालं. एका सोमवारी मधल्या सुट्टीत तो येऊन म्हणाला, "अरे, लांब बोळाच्या टोकाला दार आहे! मी आत गेलो. संपला खेळ."

धाकटा म्हणाला, "तिथं खड्डा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं वही शाळेत नेली. ती वही घराबाहेर पडली ती तेवढ्या एकाच दिवशी. मागताना त्यानं ताईला कारणही सांगितलं होतं, आणि ताईनं वही काढून दिली होती. दहा-बारा पोरांसमोर त्यानं पान उघडलं. एवढ्या सुंदर वहीपुढं घाऱ्याच्या नुसत्या बोलण्याला काय किंमत? वडिलांच्या कचेरीत तो पोरांची वरात कशी नेणार? आणि घरी जाऊन एकदा पाय टाकून पाहावा, हे धाकट्याला सुचलंही नाही, ताईची फुली होती ना ती. पोरांनी जागच्या जागी निकाल लावला आणि घाऱ्याचा थापाड्या झाला. शाळा संपेपर्यंत तो थापाड्याच राहिला. तो परत कधी यांच्या घरी आला नाही. धाकटा चार दिवस धुसफुसला आणि मग संध्याकाळचाही घरीच बसू लागला, ताईजवळ, भुयारात.

ताईला बरं वाटलं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण वाटलं.

वर्षभर शोधूनही दार मिळेना, तेव्हा धाकट्यानं जाहीर केलं की खेळच सदोष आहे, याला शेवट नाही. नंतर त्याला मिसरूड फुटलं आणि भुयार मागं पडलं.

आता धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. मामाचा कॉम्प्युटर त्यानं कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत, चिंध्यांत गुंडाळून, इतकी वर्षं सांभाळला होता. आणि घाऱ्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. धाकट्याला चाळिशी लागली, तो योगायोगानं त्याच दुकानात शिरला. घाऱ्यानं कार्डावर नाव लिहिलं, मान वर केली आणि तेहतीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलला, "तुझ्या ताईचा नकाशा चुकला होता."

"ताईचा नकाशा चुकत नाही," धाकटा म्हणाला.

पंचेचाळीस वर्षांचे दोन बाप्ये. ज्याचं खोटं ठरेल त्यानं माफी मागायची, इथवर मजल गेली.

रविवार येईपर्यंत ताईनं तीनदा ती वही कपाटातून काढली. फुली खोडायची तर ते तिच्या हातचं काम. ब्लेडनं कागद असा खरवडेल की भिंगाखालीही कळणार नाही. पण ती फुली दहा-बारा पोरांनी पाहिलेली. नाही तर तब्येतीचं निमित्त करून टाळायचं. तेही किती रविवार? शिवाय तिला खरं भय घाऱ्याचं नव्हतंच. लग्न तिनं केलं नाही, आई गेली, मामा गेला. जगात एकच माणूस असा उरला होता, की जो अजून डोळे मिटून म्हणत होता, ताईचा नकाशा चुकत नाही. तो उद्या काय म्हणेल, याचं तिला भय.

रविवारी सकाळी दहाला ती पोचली. भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली होती. जेवणाच्या टेबलावर मामाचा कॉम्प्युटर मांडलेला, पिवळा पडलेला, एका बाजूची पट्टी नवी. स्टुलावर घाऱ्या बसला होता. टक्कल पडलं होतं, डोळे मात्र तेच.

"कशा आहात ताई?" त्यानं विचारलं. लहानपणी तो 'ए ताई, पाणी दे' म्हणायचा.

"बरी आहे," ताई म्हणाली आणि आपल्या जुन्या जागी, धाकट्याच्या डाव्या हाताला, वही मांडीवर घेऊन बसली.

धाकट्यानं डिस्क घातली. ती घरघरली, अडली, पुन्हा घरघरली आणि काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा आल्या. तिघंही नकळत पुढं झुकले. चौघे गडी तेहतीस वर्षांपूर्वी ज्या जिन्यापाशी सोडले होते तिथंच उभे होते, सातव्या मजल्याच्या तोंडाशी.

"आजीला मार लागलेलाच आहे अजून," धाकटा म्हणाला. "बिचारी इतकी वर्षं तशीच."

"मलम तिच्याकडे आणि लावायचं कोणाला सुचलं नाही," घाऱ्या म्हणाला, आणि दोघं हसले.

"माझी मुलगी म्हणते, यात दिसतंय काय? तिच्या खेळात कुठं जायचं त्याचा बाणच येतो. नकाशा लागतच नाही," धाकटा म्हणाला.

"तीन पुढे," ताई म्हणाली. "डावीकडे. पाच पुढे."

बोटांना सगळं आठवत होतं. तिनं म्हणायचं आणि त्यानं दाबायचं, मधे श्वासाचंही अंतर नाही. अर्धा तास हा प्रकार चालला आणि त्या अर्ध्या तासात ताई सुखी होती. मग लांब बोळ आला.

"आठ पुढे?" धाकट्यानं विचारलं.

"सात," ताई म्हणाली.

सात घरं चालून तो थांबला आणि खुर्ची घाऱ्याकडे वळवली. "हे बघ. पुढच्या घरात खड्डा. ताई, सांग याला."

ताईनं वही मांडीवर जरा वर ओढली.

"टाक ना पाय," घाऱ्या म्हणाला. "मेलास तर मी माफी मागतो."

"टाकतोच. ताई?"

"टाक पाय," ताई म्हणाली. "तिथं खड्डा नाही."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कळ दाबली. डिस्क घरघरली. दार आलं. येथे प्रवास संपतो. आत जायचं?

घाऱ्यानं टाळी वाजवली नाही. चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला.

"अगं, होतं असं," शेवटी धाकटा म्हणाला. "एखादं घर इकडचं तिकडे झालं असेल. चौदा वर्षांची पोर होतीस तू. काय रे?"

"होतं की," घाऱ्या म्हणाला. "आमच्याकडे नंबर लिहिताना होतं."

दोघंही तिच्याकडे मायेनं बघत होते. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. चहा झाला असता, धाकट्यानं हसत हसत माफी मागितली असती आणि सगळे सुटले असते. पण ताईचं घोडं नेमकं तिथंच पेंड खाऊ लागलं. खोटारडी म्हणवून घेणं तिला एक वेळ चाललं असतं. मोजायला चुकली हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"माझी मोजणी चुकत नाही," ती म्हणाली. "बारावी ओळ, पाचवं घर. बरोबर मोजून मारलीय फुली."

"म्हणजे?"

"म्हणजे दार मला आधीच सापडलं होतं. तुम्हा दोघांच्याही आधी. मी मुद्दाम फुली मारली."

"का?"

"तू म्हणाला होतास, हे संपलं की रोज फुटबॉलला जाणार."

धाकट्याला हे आठवत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं, आणि ताईला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

"याला मी शाळाभर थापाड्या करून ठेवला," तो म्हणाला.

"हो."

"तू वही काढून दिलीस. माहीत असून."

"हो."

"आणि इतकी वर्षं मूग गिळून गप्प."

"हो," ताई म्हणाली.

धाकटा उठून घाऱ्यासमोर उभा राहिला. "चुकलो रे मी," तो म्हणाला. घाऱ्यानं हात झटकला आणि "जाऊ दे, बस" म्हणाला, पण पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागला. मग धाकटा परत खुर्चीत आला. आता हा बंद करून उठणार असं ताईला वाटलं. त्यानं चौघांना एक घर मागं घेतलं, सेव्ह केलं आणि नवा खेळ सुरू केला. पहिला मजला.

"वहीत एकूण खड्डे किती?"

"चौसष्ट. हा धरून."

"म्हणजे त्रेसष्ट."

"बाकीचे सगळे खरे आहेत," ताई म्हणाली.

"असतील. सांग पहिला."

ताईनं पान उलटलं. "चार पुढे. उजवीकडे. दोन पुढे." तिनं थांबून म्हटलं, "पुढं खड्डा."

त्यानं पाय टाकला. चौघे मेले. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "खूण कर," तो म्हणाला.

ताईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं पर्समधून कचेरीचं निळं पेन काढलं आणि तेहतीस वर्षांच्या लाल फुलीशेजारी निळी खूण केली. कचेरीतला नियम धाकट्याला कोणी सांगितलेला नव्हता.

"पुढचा."

"सहा पुढे. डावीकडे. खड्डा."

"खड्डा?"

"खड्डा."

तो गेला आणि मेला. ही सगळी मरणं ताईनं एकदा त्याच्यासाठी मरून ठेवली होती, तासभर आधी घरी येऊन, म्हणजे त्याला मरायला नको. आता तो ती एकेक करून पुन्हा मरत होता आणि तिला शेजारी बसून वाट सांगायची होती. तो रागावून ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. लिफ्टच्या तारा तपासताना त्याचा चेहरा जसा असतो तसाच होता.

पाचव्या-सहाव्या खड्ड्याला घाऱ्या म्हणाला, "चष्मा द्या इकडे. दांडी सैल झालीय, सारखा घसरतोय." ताईनं चष्मा काढून दिला. तो नसताना तिला वही दिसेना, म्हणून खेळ थांबला. धाकटा हात मांडीवर ठेवून बसला. घाऱ्यानं खिशातून बारीक पेचकस काढला, स्क्रू पिळला, काच पुसली.

"घे," तो म्हणाला. "आता नाही घसरणार तुझा."

चार वाजेपर्यंत अकरा खड्डे झाले. अकराही खरे निघाले. धाकट्यानं कॉम्प्युटर बंद केला.

"आणि ते दार?" घाऱ्यानं विचारलं. "आत नाही जायचं?"

"दार कुठं पळून जातंय? आधी हे सगळे बघू." मग ताईकडे न बघता तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बारावा. वही विसरू नकोस."

दर वेळी तो तिच्याबरोबर लिफ्टनं खाली येतो, आणि खाली येईपर्यंत त्या लिफ्टमध्ये काय काय बिघडलंय ते सांगत राहतो. आज त्यानं बाहेरूनच बटण दाबलं, दार लागेपर्यंत उभा राहिला आणि आत गेला.

खाली उतरताना ताईनं हिशोब केला. बावन्न खड्डे उरले होते. एका रविवारी अकरा धरले तर पाच रविवार. तिला बरं वाटलं, अगदी तेव्हासारखंच, आणि या वेळी लाजही वाटली. निळं पेन तिनं वहीतच ठेवलं, पुढच्या रविवारी शोधायला नको म्हणून.